कलकत्त्याची करन्सी बिल्डिंग

कोलकात्याच्या लालदिघीभोवतीचा चौक, म्हणजे पूर्वीचा डलहौसी स्क्वेअर आणि आजचा बिनय-बादल-दिनेश बाग, पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा रायटर्स बिल्डिंगसमोर उभा राहतो. त्याच चौकाच्या आग्नेय कोपऱ्यावरील करन्सी बिल्डिंगकडे त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः भारताच्या कागदी चलनाचा इतिहास जिथे घडला, अशा मोजक्या वास्तूंपैकी ही एक आहे.

इटालियन धाटणीची ही तीन मजली इमारत १८३३ मधील. प्रारंभी येथे आग्रा बँकेची कलकत्ता शाखा होती. १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही पेढी बुडाली आणि त्या लाटेत आग्रा बँकेलाही देणी थांबवावी लागली. (मुंबईत कापसाच्या तेजीचा फुगा आदल्याच वर्षी फुटला होता.) १८६८ पासून या वास्तूत सरकारच्या चलन कचेरीचा कारभार सुरू झाला.

ही कचेरी काय करीत असे, हे समजल्याखेरीज इमारतीची रचना कळत नाही. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा छापण्याचा अधिकार खाजगी बँकांकडून सरकारकडे आला. या योजनेचा मूळ आराखडा मांडणारे जेम्स विल्सन तत्पूर्वीच, १८६० मध्ये, कलकत्त्यात निधन पावले होते. नव्या व्यवस्थेत देशाची चलन-मंडले पाडण्यात आली. मुंबई मंडलाची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. ती मोडून देण्यास येथील कचेरी बांधील नसे. चार कोटी रुपयांपुरत्या नोटांना सरकारी रोख्यांचे तारण चाले. त्यापुढील प्रत्येक नोटेमागे नाणी अथवा धातू ठेवावा लागे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागली ती १९०३ मध्ये, आणि शंभराची १९११ मध्ये. एकच नाणे, एकच सरकार, पण नोटा मात्र प्रांतोप्रांतीच्या, अशी स्थिती चाळीस वर्षांहून अधिक काळ होती.

नोटेवरील वचन पाळण्याची जागा म्हणजे या इमारतीतील मधले दालन. त्यावर मोठे घुमट होते आणि त्यांतून उजेड खाली उतरे. नोटा, सोने, चांदी व खुर्दा यांच्या देवघेवीच्या खिडक्या येथेच होत्या. माझ्या मते हा उजेड निव्वळ शोभेचा नसावा. नाणे पारखून घेणाऱ्यास तो हवाच असतो, आणि कागदावर नुकताच विश्वास ठेवू लागलेल्या रयतेस समोर चाललेला व्यवहार दिसणेही अगत्याचे होते.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले केंद्रीय कार्यालय याच वास्तूत होते. १९३७ मध्ये ते मुंबईस गेले. चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये गव्हर्नर झाले, तोवर कलकत्त्याचा मान केवळ इतिहासापुरता उरला होता.

पुढे ही इमारत केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात आली. १९९० च्या दशकात ती पाडून नवे कार्यालय बांधण्याचे ठरले व पाडकाम सुरूही झाले. कोलकाता महापालिका व इंटॅक यांच्या हस्तक्षेपाने ते १९९८ मध्ये थांबले, परंतु घुमट तोवर गेले होते. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. आमच्या नोंदवहीत जुन्या इमारतीचे मूल्य घसाऱ्याने दरवर्षी घटत जाते आणि तिच्याखालच्या जमिनीचे वाढत जाते. अशा हिशेबात फाईल पाडकामाच्या दिशेनेच सरकते. या वास्तूत काय घडले होते, हे नोंदविण्यास त्या फायलीत रकानाच नव्हता.

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने वास्तू ताब्यात घेऊन दीर्घकाळ डागडुजी केली. ११ जानेवारी २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ती खुली झाली आणि तेथे बंगालच्या चित्रकलेचे प्रदर्शन भरले. घुमट मात्र पुन्हा बांधलेले नाहीत. मधले दालन आता उघडे अंगण आहे. नकली घुमट चढवून आपल्याच एका विभागाने काय केले ते झाकण्याचा मोह सर्वेक्षणाने टाळला, हे मला त्या डागडुजीतील सर्वांत प्रामाणिक काम वाटते.