वादळवाटेवरची खासगी बेटे

फ्लोरिडाच्या आग्नेयेस अटलांटिक महासागरात पसरलेल्या बहामा द्वीपसमूहात सुमारे ७०० बेटे आणि त्यांखेरीज २,४०० च्या आसपास 'की' आहेत. चुनखडक, प्रवाळ आणि वाळू यांच्या बुटक्या, बहुधा निर्जन बेटाला तिकडे हे नाव आहे. या साऱ्या प्रदेशातील सर्वांत उंच जागा, कॅट आयलंडवरील माउंट अल्व्हर्निया, अवघी ६३ मीटर उंच आहे, आणि जून ते नोव्हेंबर या काळात अटलांटिकमध्ये उठणाऱ्या चक्रीवादळांपैकी कित्येकांची वाट याच सखल जमिनीवरून जाते. गेल्या अर्ध्या शतकात यांतल्याच काही कींवर क्रूझ कंपन्यांनी, म्हणजे सहलीची प्रवासी जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांनी, आपापले खासगी किनारे वसवले. जाहिरातींतले हे किनारे सर्वांनी पाहिलेले आहेत. संध्याकाळी जहाज निघून गेल्यावर तेथेच मुक्कामाला राहणारा नोकरवर्ग मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. या कींवर माणसे त्याच्याही आधीपासून राहत आली आहेत. पूर्वी वादळात तग धरणे म्हणजे जागेवर घट्ट राहणे होते. खासगी बेटांच्या काळात ते वेळेवर निघून जाणे झाले, आणि निघण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार राहणाऱ्याच्या हातून मालकाच्या हाती गेला.

एकोणिसाव्या शतकात या उथळ समुद्रात जहाजे खडकांवर आदळून फुटणे नित्याचे होते, आणि फुटलेल्या जहाजावरील माणसे व माल वाचवून त्या मालातील वाटा मिळवणे हा बहामातील एक मान्यताप्राप्त, परवान्याने चालणारा धंदा होता. १८५६ साली अशा परवानाधारक नौका ३०२ आणि माणसे २,६७९ होती, आणि तीही जेमतेम २७,००० वस्तीच्या वसाहतीत. ब्रिटिश सरकारने दीपगृहे बांधायला घेतली तेव्हा या धंद्यावर जगणाऱ्या गावांनी त्यांना विरोध केला, यात नवल नव्हते. तरीही अबाको बेटसमूहातील एल्बो कीवर होप टाउनचे दीपगृह १८६४ मध्ये पेटले, आणि त्याच्या वर्षभर आधी, १८६३ मध्ये, बेरी बेटांतील ग्रेट स्टिरप की या निर्जन ठिकाणी दुसरे दीपगृह उभे राहिले. होप टाउनच्या मनोऱ्यात १०१ पायऱ्या आहेत. त्याचा दिवा रॉकेलवर जळतो, भिंगाचा अवजड सांगाडा पाऱ्यावर तरंगत फिरतो आणि त्याला फिरवणारे वजनांचे यंत्र राखणदाराला दर दोन तासांनी हाताने चावी देऊन चालते ठेवावे लागते. अशा राखणदाराला वादळाच्या रात्री बेट सोडण्याची मुभा नव्हती, कारण त्याच रात्री दिव्याची गरज सर्वांत जास्त असे. त्याची सुरक्षितता म्हणजे मनोऱ्याच्या जाड भिंती. नोकरीसाठी एकाकी कीवर राहणारा, पगारी आणि दूरच्या मालकाचा बांधील असा बहामातील पहिला कर्मचारी म्हणून त्याच्याकडे पाहिले तर ते वावगे ठरू नये.

भिंतींवरचा हा विश्वास वादळांनी अनेकदा तपासून पाहिला. १८६६ च्या ऑक्टोबरात नॅसॉ शहरातील शेकडो घरे जमीनदोस्त झाली. १८९९ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉस बेटाच्या उथळ पाण्यात स्पंज काढणाऱ्यांच्या बोटी वादळात सापडून मोठी जीवितहानी झाली. स्पंज म्हणजे समुद्रतळाशी वाढणारा एक सच्छिद्र सजीव, आणि १९३८ मध्ये त्यावर रोग पडेपर्यंत तोच या बेटांचा मुख्य व्यापार होता. १९३२ च्या सप्टेंबरात अबाकोवर आलेल्या वादळाने ग्रीन टर्टल कीवरील न्यू प्लिमथ हे गाव जवळजवळ पुसून टाकले. बेटवासीयांची जुनी रीत अशी होती की वायुभारमापकातील पारा उतरू लागला की बोटी खारफुटीच्या अरुंद खाड्यांत नेऊन झाडांच्या मुळांना चहूकडून बांधायच्या, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या आणि गावातील सर्वांत भक्कम इमारतीत, बहुधा चर्चमध्ये, जमायचे. सूचना बाहेरून मिळण्याची सोय फार उशिरा झाली. १९३७ मध्ये नॅसॉहून झेडएनएस हे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि दूरच्या बेटांपर्यंत वादळाची बातमी पोहोचवणे हा ते सुरू करण्यामागचा एक प्रमुख हेतू होता.

१९७७ साली नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन या कंपनीने मायामीहून निघणाऱ्या आपल्या प्रवाशांना एक दिवस ग्रेट स्टिरप कीवर, त्याच जुन्या दीपगृहाच्या बेटावर, उतरवायला सुरुवात केली आणि खासगी बेटाची कल्पना व्यवसायात रुजली. तिच्यामागे निळ्या पाण्याइतकेच एका रूक्ष कायद्याचेही बळ होते. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी नौका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहता येत नाहीत, आणि अमेरिकेतून निघून तेथेच परतणाऱ्या सहलीला वाटेत एखादे परदेशी ठिकाण घ्यावे लागते. बहामाची एखादी की ही अट सर्वांत कमी अंतरात पुरी करते. शिवाय प्रवाशाचा तेथील खर्च परक्या गावात न जाता कंपनीकडेच राहतो. १९८६ मध्ये नॉर्वेजियनने ही की एका तेल कंपनीकडून विकत घेतली; त्याच वर्षी रॉयल कॅरिबियनने हैतीच्या किनाऱ्यावर लाबादी येथे आपले कुंपणबंद ठिकाण सुरू केले आणि पुढे ग्रेट स्टिरपच्या शेजारची धाकटी की घेऊन तिला कोकोके असे नाव दिले. १९९६ च्या अखेरीस हॉलंड अमेरिका लाइनने लिटल सॅन साल्वाडोर हे २,४०० एकरांचे बेट ६० लाख डॉलरना घेतले व त्याला हाफ मून की हे नवे नाव दिले. अबाकोजवळची गोर्डा की डिस्नेने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळवली आणि १९९८ पासून ती कॅस्टअवे की झाली; तिच्यावरील ज्या धावपट्टीचा वापर एके काळी अमली पदार्थांच्या चोरट्या वाहतुकीसाठी होई, तिच्यावर आता पर्यटक सायकली चालवतात. नावे बदलण्याचा हा उत्साह लक्षणीय आहे, कारण नव्या नावासोबत बेटाचा जुना, तितकासा शोभिवंत नसलेला इतिहासही झाकला जातो.

या बेटांचा फारच थोडा भाग वापरात असतो. कॅस्टअवे कीच्या सुमारे १,००० एकरांपैकी ५५ आणि हाफ मून कीच्या २,४०० पैकी ५० च्या आसपास. उरलेल्या रानाच्या आडोशाला, प्रवाशांच्या दृष्टीआड, नोकरवर्गाची वस्ती असते. तिची घडण समजण्यासाठी आधी पाण्याचा प्रश्न पाहावा लागतो. चुनखडकाच्या सच्छिद्र जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या पातळ थरात तरंगत राहते. उपसा जास्त झाला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि वादळात समुद्र एकदा जमिनीवरून वाहून गेला की हा थर दीर्घकाळ निरुपयोगी होतो. त्यामुळे जेथे हजारो लोक एका दिवसासाठी उतरतात तेथे समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बसवावी लागतात, ती चालवायला जनित्रे लागतात, आणि जनित्रांचे इंधन, धान्य, सुटे भाग हे सारे जहाजातून किंवा मालवाहू बोटींतून आणावे लागते. बेटावर राहणाऱ्यांत म्हणूनच जनित्रे सांभाळणारे तंत्रज्ञ, बोटी चालवणारे, जीवरक्षक, माळी, सुतार आणि स्वयंपाकी यांचा भरणा असतो. जहाजाच्या आगमनाचा दिवस सूर्योदयापूर्वीच सुरू होतो: रात्रीत वाहून आलेले समुद्रशैवाल गोळा करून किनारा साफ करायचा, खुर्च्या ओळीने मांडायच्या, छत्र्या रोवायच्या, आणि धक्का नसलेल्या बेटावर प्रवाशांना जहाजातून आणणाऱ्या मचव्यांसाठी उतरण्याची जागा तपासायची. जहाज नसलेला दिवस सुट्टीचा नसून दुरुस्तीचा असतो.

याच किनाऱ्यावर दोन प्रकारचे कामगार शेजारी शेजारी उभे असतात आणि प्रवाशाला त्यांतला फरक कळत नाही. सकाळी जहाजातून उतरून निखाऱ्यांवर मांस भाजणारा आणि संध्याकाळी जहाजावर परतणारा, मग तो गोव्याचा तारवटी असो की फिलिपिनो, कायद्याने जहाजी ठरतो. २००६ चा सागरी कामगार करार, जो २०१३ मध्ये अमलात आला आणि ज्याला बहामा व भारत या दोघांनीही मान्यता दिली आहे, अशा जहाजीच्या कामाचे तास, विश्रांती, वैद्यकीय उपचार आणि मायदेशी परत पाठवण्याची जबाबदारी निश्चित करतो. बेटावरच राहणारा जीवरक्षक मात्र या कराराच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्याची नोकरी जहाजावरची नाही. तो बहामाच्या जमिनीवरील कामगार कायद्याखाली येतो, आणि परदेशी असल्यास कामाच्या परवान्यावर तेथे असतो. जहाजाला जोडलेले असूनही जहाज नसणे हीच या बेटांची मूळ अडचण होय, आणि वादळाच्या वेळी ती उघडी पडते.

जहाज वादळाला टाळू शकते. मार्ग बदलून ते दोन दिवसांत शेकडो मैल दूर जाते, आणि म्हणून वादळी हंगामातही क्रूझचा धंदा चालू राहतो. अर्थात जहाजाचा हा फायदाही अंदाज वेळेवर वाचण्यावर अवलंबून असतो. २०१५ च्या १ ऑक्टोबरला वाकीन वादळात क्रुकेड आयलंडजवळ बुडालेल्या एल फारो या मालवाहू जहाजाच्या कप्तानाने शिळ्या हवामान-माहितीवर भिस्त ठेवली होती, आणि जहाजावरील सर्वच्या सर्व ३३ जण मृत्युमुखी पडले. बेटाला मात्र हलता येत नाही. चक्रीवादळाबाबत पूर्वसूचना साधारण ४८ तास आणि इशारा ३६ तास आधी दिला जातो, हे तास वादळी वारे सुरू होण्यापूर्वीचे मोजलेले असतात. कागदावर ही मुदत पुरेशी वाटते. पण वादळाच्या पुढे शेकडो मैल धावणाऱ्या लांब लाटा त्याआधीच येऊन थडकतात, आणि एकदा त्या उसळू लागल्या की मोठ्या जहाजाला धक्क्याला लागता येत नाही व मचव्यांतून माणसे नेणे धोक्याचे होते. म्हणजे बेट रिकामे करायचे तर तो निर्णय सरकारी इशाऱ्याची वाट न पाहता घ्यावा लागतो, जेव्हा आकाश निरभ्र असते, अंदाज अनिश्चित असतो आणि बेट बंद ठेवण्याचा तोटा मात्र निश्चित असतो. दरम्यान फुगवलेल्या घसरगुंड्यांतली हवा सोडणे, खुर्च्या रचून दोरांनी आवळणे, बोटी जमिनीवर ओढणे, खिडक्यांवर पत्रे चढवणे ही कामे नोकरवर्गालाच करायची असतात, त्यामुळे बेटावरून सर्वांत शेवटी तोच निघतो.

धोका मोजण्याची प्रचलित रीतही येथे अपुरी पडते. १९७० च्या दशकात प्रचारात आलेल्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीत वादळांचे पाच वर्ग केले जातात, परंतु आज हे वर्गीकरण केवळ वाऱ्याच्या वेगावर होते. सखल कीवर माणसे बहुतेक वेळा वाऱ्याने मरत नाहीत, तर वादळाने किनाऱ्यावर लोटलेल्या पाण्याच्या फुगवट्याने, म्हणजे वादळी उधाणाने मरतात. काँक्रीटचा निवारा वाऱ्याला पुरून उरेल, पण त्याची जमीन किती उंच आहे हा प्रश्न निराळाच असतो.

२०१९ च्या डोरियन वादळात हे सारे प्रश्न एकदम पुढे आले. ऑगस्टच्या अखेरीस त्याचा रोख फ्लोरिडाकडे दिसत होता, म्हणजे बेटांवरील माणसे जेथे हलवायची तोच किनारा स्वतः धोक्यात होता आणि तेथील बंदरे बंद होत होती. १ सप्टेंबरला डोरियन ताशी २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह एल्बो कीवर आदळले आणि नंतर ग्रँड बहामा बेटावर एका दिवसाहून अधिक काळ जवळजवळ थबकून राहिले. एका क्रूझ कंपनीने या काळात शंभराच्या आसपास कर्मचारी आपल्या बेटावरील वादळ-निवाऱ्यात ठेवले होते; बेट वादळाच्या केंद्रापासून दूर राहिल्याने सर्व जण सुखरूप राहिले, परंतु त्यांना आधीच का हलवले नाही, हा घरच्यांनी आणि वृत्तपत्रांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. डोरियन थोडे दक्षिणेकडे सरकून थबकले असते तर निवाऱ्याची कसोटी फार वेगळी ठरली असती, आणि त्या टप्प्यावर बेट सोडण्याचा मार्गच उरला नसता. सुखरूप सुटका झाली एवढ्यावरून निर्णय बरोबर होता असे म्हणता येत नाही.

याच वादळात अबाकोच्या मार्श हार्बर येथील 'मड' आणि 'पीझ' या हैतियन मजुरांच्या झोपडवस्त्या नामशेष झाल्या. बहामात किमान ७४ मृत्यू नोंदले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे बेपत्ता राहिली. एल्बो कीवरचा १८६४ चा दीपगृहाचा मनोरा उभा राहिला. ग्रँड सेलिब्रेशन हे क्रूझ जहाज त्यानंतर ग्रँड बहामावरील फ्रीपोर्टहून हजाराहून अधिक लोकांना फ्लोरिडाला घेऊन गेले. पंतप्रधान ह्यूबर्ट मिनिस यांनी वादळापूर्वी सखल कींवरील लोकांना निघण्याचे आवाहन केले होते, पण सक्तीने बेट रिकामे करवण्याचा अधिकार तेव्हा सरकारला नव्हता. डोरियननंतर कायद्यात दुरुस्ती करून तशी तरतूद केली गेली. खासगी बेटाच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की केव्हा निघायचे हा प्रश्न आता केवळ कंपनीच्या आतला राहिला नाही.

अलीकडच्या काळात कंपन्यांची निवड बदलताना दिसते. रॉयल कॅरिबियनने कोकोकेवर २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये तेथे पाण्याच्या खेळांचे मोठे संकुल केले आणि धक्का बांधून मचव्यांची गरजच संपवली. कार्निव्हलने २०२५ च्या जुलैमध्ये सुरू केलेले सेलिब्रेशन की मात्र नावाने की असले तरी ते ग्रँड बहामा या वस्तीच्या बेटाचाच एक किनारा आहे. जहाज गेल्यावर तेथील बेटवासी कामगार निर्जन वस्तीत राहत नाहीत, आपापल्या घरी जातात. कंपनीचा किनारा वेळेवर बंद झाला तरी वादळाची रात्र त्यांना ज्या ग्रँड बहामावर काढायची असते, तेथे डोरियनच्या वेळी विमानतळ पाण्याखाली गेला होता आणि रँड मेमोरियल रुग्णालयातही पाणी शिरले होते.