पस मॉथ: कापडी पंखांवरची टपाल

मागच्या भागात आपण पहिल्या महायुद्धातली विमानं बघितली. आज त्यानंतरची वीस वर्षं. पण सुरुवात आपल्या रावेरच्या रुळांवरून.

पंजाब मेल रावेर स्टेशनवरून जाते, हे तुम्हाला माहीत आहेच. 1912 मध्ये ती सुरू झाली, तेव्हा बोटीने मुंबईला उतरलेली विलायती टपाल घेऊन उत्तरेकडे जाणं हे तिचं मुख्य काम होतं. 1929 मध्ये इंपिरियल एअरवेजने लंडन ते कराची हवाई सेवा सुरू केली आणि पत्रं आठवड्याभरात कराचीला पोचायला लागली. तिथून मुंबईला मात्र पुन्हा रेल्वेच. ही मधली फट टाटांनी आणि नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने हेरली.

15 ऑक्टोबर 1932. जेआरडी टाटा कराचीहून पंचवीसेक किलो टपाल घेऊन निघाले. मध्ये अहमदाबादला पेट्रोल भरलं, तेही बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतून. दुपारी मुंबईत जुहूला उतरले. तिथून पुढची टपाल व्हिन्सेंटने दुसऱ्या विमानाने बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. ही गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. मला बोलायचंय त्या विमानाबद्दल.

ते होतं डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. एकच पंख, तोही पायलटच्या डोक्यावर. बंद केबिन. धड स्टीलच्या नळ्यांचं, पंखांचा सांगाडा लाकडी आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं कापड. इंजिन साधारण 120 हॉर्सपॉवरचं आणि चक्क उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि शाफ्ट वर. त्यामुळे पायलटला समोरचं नीट दिसायचं आणि पंखा जमिनीपासून उंच राहायचा. त्या काळात हे एकदम मॉडर्न विमान होतं. फुल स्पीड ताशी 200 किलोमीटरच्या जरा वर. रेडिओ मात्र नाही, खाली बघत बघत रस्ता शोधायचा.

आणि त्याच काळात या मॉडेलचे पंख हवेत तुटत होते.

5 मे 1931 ला दक्षिण आफ्रिकेत ड्राकेन्सबर्ग डोंगरांवर ग्लेन किडस्टन हा नावाजलेला ब्रिटिश वैमानिक पस मॉथमध्ये गेला. हवा खवळलेली होती, विमान मोडून पडलं. जुलै 1932 मध्ये आणखी एक, खुद्द इंग्लंडमध्ये. म्हणजे जेआरडी उडाले त्याच्या फक्त तीन महिने आधी! तपासात लक्षात आलं की जोराच्या धक्क्यांत पंखाला खालून धरणारा पुढचा तिरका दांडा दबून वाकतो, आणि दांडा गेला की पंख गेला. मग तो दांडा भक्कम केला. उपाय केवढासा, पण तो सापडेपर्यंत बऱ्याच जणांचा जीव गेला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बग प्रॉडक्शनमध्ये गेला तर रात्रभर जागरण होतं, इतकंच. तिथे प्रॉडक्शन म्हणजे दोन हजार फुटांवर बसलेला माणूस.

आता अमेरिकेत बघा. किडस्टनच्या पाचच आठवडे आधी, 31 मार्च 1931 ला, कॅन्ससमध्ये टीडब्ल्यूए कंपनीचं फोकर विमान पडलं. आठ जण गेले, त्यात फुटबॉलचा प्रसिद्ध कोच न्यूट रॉकनी होता. पंख लाकडी, सरसाने चिकटवलेला. ओल शिरून आतला सांधा सुटला होता, आणि बाहेरून ते दिसत नव्हतं. देशभर ओरड झाली. 2 ऑगस्ट 1932 ला टीडब्ल्यूएने विमान कंपन्यांना पत्र लिहिलं: नवीन विमान पाहिजे, मुख्य सांगाडा धातूचाच हवा. त्याला डग्लस कंपनीने दिलेलं उत्तर म्हणजे डीसी-1, मग डीसी-2 आणि 1935 मध्ये उडालेलं डीसी-3, आपल्याकडे ज्याला डकोटा म्हणतात.

या विमानांत काय वेगळं होतं? अॅल्युमिनियमचा पत्रा नुसता झाकायला नव्हता, तो स्वतः भार उचलायचा. त्यामुळे बाहेरचे दांडे, तारा सगळं गेलं. चाकं पोटात जायची. उतरताना पंखाच्या मागच्या बाजूला झडपा खाली यायच्या, म्हणजे हळू वेगातही विमान तरंगायचं. पंख्याची पाती फिरवता यायची, सायकलचे गिअर बदलावेत तशी: चढताना एक, सपाटीला एक. यातलं एकेक सुटं आधीपासून होतं. डग्लसने ते एका विमानात बसवलं. ऑक्टोबर 1934 च्या लंडन ते मेलबर्न शर्यतीत केएलएमचं डीसी-2 प्रवासी आणि टपाल घेऊन, अलाहाबादला थांबत, दुसरं आलं. पहिलं आलेलं डी हॅविलंडचं कॉमेट खास शर्यतीसाठी बनवलेलं होतं.

मग टाटांनी लगेच धातूची विमानं का नाही घेतली? माझ्या मते उत्तर जुहूच्या चिखलात आहे. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जायचं, म्हणून सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवडा जेलजवळच्या मैदानावर हलवायचे. अशा जागी हलकं, थोड्या जागेत उतरणारं, फाटलं तर शिवता येणारं विमानच परवडतं. तेवढ्यावरही 1933 या पहिल्या पूर्ण वर्षात 155 प्रवासी आणि दहा टनांहून जास्त टपाल नेली, वेळ पाळून. नोव्हेंबर 1937 मध्ये मुंबई–इंदूर–भोपाळ–ग्वाल्हेर–दिल्ली सेवा सुरू झाली, त्यातही वॅको हे कापडी, दोन मजली पंखांचं विमान होतं. नकाशावर मुंबई ते इंदूर पट्टी ठेवा, रेघ धुळे जिल्ह्यावरून जाते. डकोटा त्यांच्या ताफ्यात आलं ते दुसरं महायुद्ध संपल्यावर.

15 ऑक्टोबर 1982 ला, वयाच्या 78 व्या वर्षी, जेआरडींनी कराची ते मुंबई पुन्हा एकट्याने विमान उडवलं. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथनंतर डी हॅविलंडने काढलेलं मॉडेल. त्याचं धड प्लायवुडचं होतं.