पुलाखालचा खड्डा

आमच्या वर्तकनगरात गणपतीची चाहूल लागते ती ढोल-ताशाने नाही, एसटीच्या बुकिंगने. म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगींमधली निम्मी मंडळी मूळची कोकणातली. "कितीची गाडी मिळाली?" हा प्रश्न जिन्यात, दुधाच्या रांगेत, सगळीकडे ऐकू येतो. लहानपणी आम्हीही खोपटवरून रात्रीची गाडी धरायचो. आईचं माहेर पोलादपूरच्या बाजूला. महाड आलं की आई हलवून उठवायची, "ऊठ, सावित्री आली." मी अर्धवट झोपेत खिडकीतून बघायचो. खाली काळोख आणि पाण्याचा आवाज, बस्स.

त्या पुलावर आपण किती भरवसा ठेवून झोपायचो, हे मला २०१६ साली कळलं.

२ ऑगस्ट २०१६. रात्री साडेअकराचा सुमार, धो धो पाऊस, सावित्रीला महापूर. मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडजवळचा जुना दगडी कमानींचा पूल त्या रात्री वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक मोटार पाण्यात गेली. सुमारे ४० माणसं गेली. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकच्या लक्षात आलं की समोरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे अचानक नाहीसे होतायत. त्याने पोलिसांना कळवलं म्हणून पुढच्या गाड्या थांबल्या. एसटी शोधायला नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला भलंमोठं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं. तरी पहिली बस सापडायला नऊ दिवस लागले.

पुढची गोष्ट बरीच कौतुकाची आहे. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. २३९ मीटर लांब, खर्च सुमारे ३६ कोटी, आणि ५ जून २०१७ ला, म्हणजे पुढच्या पावसाच्या तोंडावर, वाहतूक सुरू. ज्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू होऊन दहा वर्षांहून जास्त रखडलं, त्याच महामार्गावर हे झालं! म्हणजे मनात आणलं तर येतं आपल्याला.

पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. प्रॉडक्शनमध्ये काही कोसळलं की रात्रभर जागून पॅच टाकणाऱ्याला टाळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी मात्र एक शहाणा माणूस विचारतो, "हे आधी का नाही कळलं?" मग मीटिंगमध्ये शांतता पसरते. सावित्रीच्या बाबतीत मला तोच प्रश्न छळत होता. कारण त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती, आणि पूल वाहतुकीला योग्य ठरला होता.

म्हणून वीकेंडला जरा मागे जाऊन वाचायला घेतलं.

हा पूल १९२८ सालचा. गंमत म्हणजे भारतातल्या रस्त्यांच्या इतिहासात ते वर्ष फार महत्त्वाचं आहे, आणि त्यातलं मुख्य पात्र मराठी आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२७ मध्ये सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९२८ मध्ये तिचा अहवाल आला. मुद्दा साधा होता. मोटारी वाढल्या, लांबचे रस्ते सांभाळणं आता एकट्या लोकल बोर्डांना झेपणार नाही, देशाने त्यात हात घातला पाहिजे. त्यातून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आजही आपल्याकडे पूल कसा बांधायचा याचे नियम हीच संस्था ठरवते.

म्हणजे बघा, सावित्रीचा पूल बांधला तेव्हा हे नियम लिहिणारी संस्थाच नव्हती. एवढंच काय, वाहतं पाणी नदीचा तळ किती खोल उकरतं, याचं भारतात आजही वापरलं जाणारं गणित मांडलं गेराल्ड लेसी नावाच्या इंजिनियरने, उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांवर काम करता करता. त्याचा प्रसिद्ध निबंध १९३० सालचा. पुलानंतर दोन वर्षांनी!

आता हे "उकरणं" जरा समजून घेऊ, कारण खरी मेख इथेच आहे.

नदीत पुलाचा खांब उभा असतो. पुराचं पाणी त्याच्यावर आदळतं, खाली वळतं आणि खांबाच्या बुडाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो. तो भोवरा वाळू-माती उपसत राहतो आणि पायाजवळ खड्डा पडतो. पाया त्या खड्ड्यापेक्षा खोल असेल तर ठीक. नसेल तर खांबाखालची जमीनच गेली. खडकावर टेकलेल्या पायाला ही भीती कमी. वाळू-मातीतल्या पायाला जास्त. जगभरात पूल पडण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट सांगू? पूर ओसरायला लागला की तोच प्रवाह सोबत आणलेला गाळ त्या खड्ड्यात भरून टाकतो. पावसाळा संपल्यावर तपासायला गेलात तर तळ जागच्या जागी! भरलेला गाळ भुसभुशीत असतो, पायाला त्याचा आधार शून्य, पण वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. बग स्वतःच आपला लॉग पुसून टाकतो म्हणा ना.

न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी असाच पडला. दहा माणसं गेली. चौकशीत निघालं की त्या पुलाची नियमित तपासणी व्हायची, पण पाण्याखाली उतरून पाया कुणी एकदाही पाहिला नव्हता. पाणबुड्यांची पहिली तपासणी ठरली होती ती नेमकी त्याच वर्षी. पायाभोवती टाकलेले मोठे दगड वाहून गेले होते आणि ते पुन्हा भरले नव्हते. दगड भरायचं काम! त्यानंतर अमेरिकेत पुलांना तळ उकरला जाण्याचा धोका किती, हे राज्याराज्यांत तपासायला लावलं गेलं.

सावित्रीचा पूल नेमका असाच पडला असं मी म्हणत नाही. तेव्हा चर्चा सगळ्याचीच झाली, महापुराची, पुलाच्या वयाची, वाळूउपशाचीही. पण ८८ वर्षांच्या पुलाची मे महिन्यातली पाहणी पाण्याखालचं किती सांगणार, हा प्रश्न उरतोच.

त्यानंतर काहीच झालं नाही असंही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्राने देशभरच्या पुलांची डेटाबेसमध्ये नोंद करायची योजना सुरू केली. दीड लाखाहून जास्त पूल आणि मोऱ्या, प्रत्येकाला स्वतंत्र नंबर, प्रत्येकाच्या तब्येतीला गुण. आमच्यासारख्याला हे वाचून भरून येतं! पण डेटाबेस पूल दुरुस्त करत नाही. तो फक्त सांगतो, कुठे जा.

मग आला जुलै २०२१. महाड पाण्याखाली, चिपळूणला वाशिष्ठीवरचा जुना पूल खचून वाहतूक बंद, पोलादपूर-महाबळेश्वरचा आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटलेला. २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळली, ८०हून जास्त माणसं गेली. मदतपथकं निघाली, पण पाणी आणि दरडींनी रस्ते अडवलेले, पोचायला दुसरा दिवस उजाडला. तेव्हा दोन दिवस मामाचा फोन लागत नव्हता. इथे वर्तकनगरात आई टीव्हीसमोर बसून एकच विचारत होती, "सावित्रीचा पूल आहे ना रे?"

होता. नवा पूल उभा होता. पण पुढचा रस्ता?

कारण गावाकडचा रस्ता म्हणजे नुसता मोठा पूल नव्हे. मधल्या शेकडो मोऱ्या, पुलाला जोडणारे मातीचे भराव, डोंगराकडचं गटार, दरीकडची भिंत, असं सगळं मिळून तो रस्ता असतो. गटार तुंबलं की पाणी डांबरावरून वाहतं, कडा खाल्ली जाते, एका रात्रीत अर्धा रस्ता दरीत. मजबुतीकरण म्हणजे मोरी मोठी करणं, भरावाला दगडी पिचिंग, भिंतीला पाणी निघून जायला भोकं, आणि मे महिन्यात गटारातली माती उपसणं. या कामांचं उद्घाटन होत नाही. नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याची बातमी होत नसते.

१६५ दिवसांचं कौतुक मलाही आहे. पण त्याआधीच्या ८८ वर्षांत, पाणी ओसरल्यावर, कुणी किती वेळा खाली उतरून पाहिलं?

असो. पुढच्या वेळी रात्रीच्या गाडीने गावी जाताना एखादी मोरी लागली, तर खिडकीतून जरा तिच्या तोंडाकडे बघा. प्लास्टिक आणि मातीने बुजलेली असेल तर फोटो काढा आणि बांधकाम खात्याला पाठवा. मी पाठवायला लागलोय. आतापर्यंत तीन. त्यातली एक साफ झाली.

आई म्हणते, "एक तर एक."