मोरीमागचं अळू

कांद्याला कोंब फुटू नये म्हणून आपल्या राज्यात एक अख्खा प्रकल्प उभा आहे. लासलगावचं ‘कृषक’ केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली सुरू केलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा हलका मारा केला की कांद्याच्या पोटातला कोंब निजूनच राहतो. व्यापाऱ्याच्या लेखी कोंब म्हणजे घट. स्वयंपाकघराच्या लेखी मात्र ती फुकटची पात. कांद्याचं मुळाकडचं बूड ओल्या मातीत दाबलं की थोड्याच दिवसांत हिरवं डोकं वर येतं.

टाकाऊ देठाबुडांतून भाजी उगवण्याचं हल्ली मोठं कौतुक आहे. ते नवं नाही, हे सिद्ध करायला दफ्तरखान्यात जायची गरज नाही. आलं, हळद, अळू, सुरण, पुदिना, रताळं ही मंडळी आपल्याकडे बियाण्याच्या पुडीतून कधी आलीच नाहीत. डोळा असलेला तुकडा, कंद, नाहीतर वेलाचं कांडं, एवढ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मला कुतूहल आहे ते वेगळंच. हे तुकडे लावायचे कुठे, आणि त्यांना पाणी कुठून यायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘परसबाग’ या शब्दातच आहे. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. दुसऱ्याचं उत्तर मोरीत आहे. ठाण्यापासून खाली कोकणापर्यंत मोरीचं पाणी भिंतीच्या भोकातून मागे पडायचं आणि तिथे अळू नि केळ हमखास असायची. विहिरीवरून कमरेवर वाहून आणलेलं पाणी कोणती बाई अळवाला घालील? अळवाला मिळायचं ते आधी कुणाच्या तरी अंगावरून नाहीतर भांड्यांवरून गेलेलं. त्यात साबण कमी, चुलीची राख जास्त. काटकसर खरी होती ती पाण्याची. भाजी हा तिचा वरकड नफा.

मी कोपरीत राहते. खाडीकाठचं जुनं कोळी-आगरी गावठाण, त्याला लागून फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत, मग चाळी, मग इमारती, असा हा ठाणे पूर्वेचा तुकडा. यातल्या चाळीच्या टप्प्यावर परस गेलं आणि इमारतीच्या टप्प्यावर मोरीचं पाणी पाइपात शिरलं. तुकडे मात्र उरले.

सरकारने भाजी पिकवायला सांगितलं तेही नेमकं याच काळात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ यायचा थांबला आणि ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. ब्रिटनमध्ये तेव्हा बागा नि मैदानं खणून बटाटे लावले जात होते, अमेरिकेत ‘विजय-बागा’ फुलत होत्या. आपली मोहीम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली आणि १९५२ मध्ये कृष्णम्माचारी समितीने तिच्या अपुऱ्या यशाची चिकित्सा केली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी दिल्लीत आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण नांगरायला हिरवळ लागते, आणि चाळीच्या कठड्यावर तुळशीच्या डब्यापलीकडे काही मावत नव्हतं.

आमच्या भागात या आवाहनाला मातीतलं उत्तर मिळालं ते रुळांच्या कडेला. रेल्वेने आपल्या पडीक पट्ट्या कर्मचाऱ्यांना नाममात्र भाड्याने भाजी लावायला दिल्या. लोकलच्या खिडकीतून दिसणारा पालक आणि लाल माठ तो हाच. बऱ्याच ठिकाणी त्याला नाल्याचं पाणी मिळतं, म्हणजे मोरी आणि परस यांचंच हे शहरभर वाढलेलं रूप. फरक असा, की नाल्यात फक्त आंघोळीचं पाणी नसतं. शहर जे जे सोडतं ते सगळं असतं. म्हणून त्या पालकाकडे बघून लोक नाक मुरडतात, ते उगाच नाही.

मातीच नसेल तर काय करायचं, हा प्रश्न धसाला लावला तो कोल्हापूरच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने. श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून सांगितलं की पालापाचोळा आणि घरचा ओला कचरा यांतून माती घरीच बनवता येते. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी वांद्र्याच्या गच्चीवर पिशव्या आणि पिंपांत उसाची चिपाडं भरून भाज्या-फळं काढली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या प्रीती पाटील यांनी तीच वाट धरून स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच कचऱ्यातून बाग उभी केली.

इथे मला बुडं पुन्हा उगवण्याच्या हौशीची मर्यादा दिसते. पाण्याच्या वाटीत ठेवलेली कांद्याची पात साठवलेल्या शिदोरीवर वाढते. दोन-तीनदा कापली की बारीक होत जाते. गाजराच्या देठाला पालाच येतो, गाजर नव्हे. कोबीचं बूड चार पानं देऊन थकतं. शंभर बुडांतली दोन-चार रोप होतील. बाकीच्यांनी माती व्हावं यातच फायदा. आणि ती माती झाली नाहीत तर काय होतं, हे कल्याणकरांना विचारावं. आधारवाडीचा डोंगर त्यांनी वर्षानुवर्षं नाकाने वाचला. २०१५ मध्ये कचऱ्याच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या होत्या. भाजीच्या देठांनी बिल्डरांना थांबवल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पाण्याचं काय झालं? ते फार लांब गेलेलं नाही. ठाण्याचं एक मोठं सांडपाणी प्रक्रिया केंद्र कोपरीतच आहे, दिवसाला १२ कोटी लिटर क्षमतेचं. जे पाणी एकेकाळी भिंतीमागच्या अळवापर्यंत चार पावलं जायचं, ते आता शहरभरच्या वाहिन्यांतून फिरून इथे येतं आणि शुद्ध होऊन खाडीची वाट धरतं. माझ्या घरातलंही जातं. तांदूळ-डाळीचं धुवण तेवढं मी अडवून ठेवते, कारण ते पाइपात ओतताना हात अजून अडखळतो.