शिकायला परमुलखात

पोर्तुगीज अमदानीत पणजीला वैद्यकीय शाळा होती (१८४२), लिसेंव होते (१८५४). साध्या पदवीचे कॉलेज मात्र नव्हते. बी.ए. व्हायचे तर धारवाड, बेळगाव, पुणे नाही तर मुंबई गाठावी लागे. जड जाई ती फी नव्हे, खोली आणि खाणावळ. तो पैसा दरमहा लागे, आणि नारळ-सुपारीचा पैसा काही दरमहा येत नाही. भाटकाराला बागायतीवर उचल मिळे. मुंडकाराचे घरच भाटकाराच्या जमिनीत, तो काय गहाण टाकणार? मधल्या दुकानदार-मास्तरांच्या घरांत थोरल्याला शिकवायचे आणि पुढे त्याने धाकट्यांना ओढायचे. बचत म्हणाल तर हीच! थोरला नापास झाला की सगळ्यांचेच वर्ष बुडाले. मुलीसाठी साठवलेले असे ते सोने, आणि तेही लग्नाचे.

गोवा मुक्त झाला आणि १९६२ मध्ये पणजीत धेंपे, मडगावात चौगुले कॉलेज सुरू झाले. घरांचे उत्पन्न एका वर्षात काही वाढले नव्हते. पण मुलगा घरची पेज जेवून बस पकडू लागला, खाणावळीचा खर्च गेला. मुलीला कॉलेजात घालणेही अनेक घरांना तेव्हाच झेपले.