फुगराय

फुगराय : जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील आउग्सबुर्ग शहरातील तटबंद गृहवसाहत. गरजूंसाठी उभारलेली आणि अद्यापि त्याच कारणासाठी वापरात असलेली ही जगातील सर्वांत जुनी सामाजिक वसाहत मानली जाते. याकोप फुगर (१४५९–१५२५) या धनाढ्य व्यापाऱ्याने ती स्थापन केली. खाणी, वस्त्रव्यापार व राजेरजवाड्यांना दिलेली कर्जे यांतून त्याने विपुल संपत्ती मिळविली होती. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या सम्राटपदाच्या निवडणुकीसाठी लागलेल्या पैशाचा मोठा भाग त्याने पुरविला.

वसाहतीचे बांधकाम १५१६ मध्ये सुरू झाले. २३ ऑगस्ट १५२१ रोजी न्यासपत्र करण्यात आले आणि १५२३ पर्यंत टोमास क्रेब्स या वास्तुकाराने ५२ घरे पुरी केली. गल्ल्यांच्या दुतर्फा एकसारखी दुमजली घरे असून प्रत्येक मजल्यावर एका कुटुंबाची सोय आहे. दोन्ही मजल्यांना रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेशद्वार असल्याने गरीब रहिवाशांनाही स्वतःचा उंबरठा लाभला. येथे प्रवेश मिळण्यासाठी व्यक्ती आउग्सबुर्गची रहिवासी, कॅथलिक पंथीय व गरजू असावी लागते. मूळ वार्षिक भाडे एक ऱ्हाइनी गिल्डर होते; आजही तेवढेच, म्हणजे ०·८८ यूरो, नाममात्र भाडे आकारले जाते. शिवाय संस्थापक व त्याचे कुटुंबीय यांच्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणण्याची अट आहे. दानधर्मामागील पारलौकिक हेतू तीवरून स्पष्ट होतो. संगीतकार मोट्सार्टचा पणजोबा फ्रान्त्स मोट्सार्ट हा गवंडी १६८१ ते १६९४ या काळात येथे राहत होता.

तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) वसाहतीची मोठी हानी झाली. फेब्रुवारी १९४४ मधील बाँबहल्ल्यांत तिचा बराच मोठा भाग उद्ध्वस्त झाला; तथापि फुगर कुटुंबीयांनी लगेचच पुनर्बांधणीचा निर्णय घेतला. युद्धोत्तर काळात जुन्या आराखड्यास अनुसरून घरे पुन्हा उभारण्यात आली व लगतच्या जागेवर विस्तारही झाला. सध्या तेथे ६७ घरे व १४० सदनिका आहेत. न्यासाच्या उत्पन्नात वनसंपत्तीचा वाटा महत्त्वाचा असून पर्यटकांच्या प्रवेशशुल्काचाही त्यास हातभार लागतो.

आज दिसणाऱ्या भिंतींपैकी अनेक विसाव्या शतकातील आहेत. त्यामुळे फुगरायचे ऐतिहासिक मूल्य केवळ जुन्या बांधकामावर अवलंबून नाही. युद्ध व चलनबदल यांतूनही मूळ वसतिहेतू टिकून राहिला, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. जतन केलेल्या वस्त्यांतून मूळ रहिवासी वर्गच नाहीसा होण्याचा धोका असतो. येथे वास्तूबरोबर गरजूंचा निवाराही जतन झाला आहे.