लंडनचा महापौर आणि नगरसभा : निवडणूक, अधिकार व मतदार

शिक्षण वा नोकरीनिमित्त वसई, मुंबई किंवा गोव्याहून लंडनला गेलेल्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश नागरिकत्व घेतलेले नसतानाही, तेथील महापौर निवडण्याचा हक्क मिळू शकतो. ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. म्हणून या निवडणुकीचा थोडक्यात परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पार्श्वभूमी

लंडनच्या कारभारासाठी १८८९ साली लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झाली. १९६५ मध्ये तिची जागा ग्रेटर लंडन कौन्सिलने घेतली. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८६ मध्ये ही संस्था बरखास्त केली आणि पुढील १४ वर्षे संपूर्ण शहराचा असा लोकनियुक्त कारभारच उरला नाही. ७ मे १९९८ रोजी झालेल्या सार्वमतात ७२ टक्के मते नव्या व्यवस्थेच्या बाजूने पडली; मतदान मात्र केवळ ३४ टक्के झाले होते. १९९९ च्या कायद्यानुसार ४ मे २००० रोजी पहिली निवडणूक झाली. मजूर पक्षाचा विरोध पत्करून अपक्ष उभे राहिलेले केन लिव्हिंगस्टन तीत विजयी झाले. २००४ मध्ये ते मजूर पक्षातर्फे पुन्हा निवडून आले. २००८ व २०१२ मध्ये हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन निवडून आले. २०१६, २०२१ व २०२४ मध्ये मजूर पक्षाचे सादिक खान विजयी झाले. तीन वेळा हे पद जिंकणारे ते पहिलेच होत. (२०२० ची निवडणूक करोनामुळे एक वर्ष पुढे गेली होती.)

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'सिटी ऑफ लंडन' या जेमतेम एक चौरस मैलाच्या जुन्या शहराचा 'लॉर्ड मेयर' वेगळा असतो. त्याचे पद मुख्यतः मानाचे आहे. शिवाय लंडनमधील ३२ बरो, म्हणजे स्थानिक विभाग, यांच्या परिषदांच्या निवडणुकाही स्वतंत्रपणे होतात.

तीन मतपत्रिका

मतदाराला तीन मतपत्रिका मिळतात. पहिली महापौरासाठी, दुसरी आपल्या मतदारसंघाच्या सदस्यासाठी आणि तिसरी संपूर्ण लंडनच्या यादीतील पक्षासाठी. लंडन असेंब्ली या नगरसभेत २५ सदस्य असतात : १४ मतदारसंघांतून आणि ११ पक्षांच्या यादीतून. या ११ जागा वाटताना पक्षाने मतदारसंघांत जिंकलेल्या जागाही विचारात घेतल्या जातात, जेणेकरून एकूण संख्याबळ मतांच्या प्रमाणाच्या जवळ जावे. यादीतून जागा मिळण्यासाठी किमान ५ टक्के मते लागतात.

२०२१ पर्यंत महापौरासाठी पहिली व दुसरी पसंती देता येत असे. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिले दोन उमेदवार ठेवून इतरांच्या मतदारांची दुसरी पसंती मोजली जाई. २०२२ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली. २०२४ मध्ये प्रथमच, सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, या नियमाने निवड झाली आणि सादिक खान ४३.८ टक्के मतांवर विजयी ठरले. जुनी पद्धत परत आणण्याचा प्रस्ताव असलेले विधेयक जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडण्यात आले.

अधिकार आणि अंकुश

मुंबईचा महापौर नगरसेवकांमधून निवडला जातो आणि प्रशासनाची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. लंडनच्या महापौराला लोक थेट निवडतात, आणि सार्वजनिक वाहतूक, पोलीस, अग्निशमन, घरबांधणी व नगररचना या विषयांची धोरणे व अंदाजपत्रक तोच ठरवतो. मध्य लंडनमध्ये येणाऱ्या मोटारींवर फेब्रुवारी २००३ मध्ये लागू झालेला गर्दी-कर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व बरोंपर्यंत वाढवलेले कमी प्रदूषणाचे क्षेत्र हे निर्णय महापौरांचेच होते.

नगरसभा महापौरांना जाहीर प्रश्न विचारते, कारभाराची चौकशी करते. परंतु अंदाजपत्रकात बदल करायचा तर तिला दोन-तृतीयांश मते लागतात. सर्व २५ सदस्य उपस्थित असता हा आकडा १७ होतो. म्हणजेच नऊ सदस्य पाठीशी असले तरी महापौरांचे अंदाजपत्रक सुरक्षित राहते. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ११, हुजूर पक्षाला ८, ग्रीन पक्षाला ३, लिबरल डेमोक्रॅट्सना २ आणि रिफॉर्म पक्षाला १ जागा मिळाली. महापौरावर अंकुश किती राहील हे दुसऱ्या व तिसऱ्या मतपत्रिकेवर ठरते, म्हणून त्या गौण मानणे योग्य नव्हे.

मतदार कोण?

लंडनमध्ये राहणारे १८ वर्षांवरील ब्रिटिश व आयरिश नागरिक, तसेच वैध वास्तव्य-परवाना असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक मतदान करू शकतात. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने भारतीय पारपत्रधारक यात येतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोमंतकीयांचा हक्क ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यातील करारामुळे ब्रेक्झिटनंतरही टिकला आहे. मात्र नाव मतदारयादीत आपोआप येत नाही. ते स्वतः नोंदवावे लागते. महापौरपदाच्या २०२४ च्या निवडणुकीत छायाचित्र असलेले ओळखपत्र प्रथमच सक्तीचे झाले. त्यासाठी भारतीय व पोर्तुगीज पारपत्रही चालते.

२००० साली सुमारे ३४ टक्के, तर २०२४ मध्ये सुमारे ४० टक्के मतदान झाले. दहापैकी सहा मतदार घरीच राहतात, तेव्हा उरलेल्या चौघांचे मत सर्वांच्या बसभाड्याचा, घरांचा व सुरक्षिततेचा निर्णय करते. पुढील निवडणूक मे २०२८ मध्ये अपेक्षित आहे. लंडनमध्ये आप्तेष्ट असलेल्या वाचकांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी, अशी आमची विनंती आहे.